जैवमुद्रित स्नायू : प्रयोगशाळेपासून ग्रामीण रुग्णापर्यंत

वर्धा शहराला लागूनच बोरगाव मेघे हे गाव आहे. शहर वाढले तसे गावही वाढले आणि जनगणनेने त्याची नोंद नागरी वस्ती म्हणून केली. तथापि भोवतालचा सारा मुलूख कपाशी, सोयाबीन आणि तुरीचा आहे आणि येथील असंख्य कुटुंबांचे पोट हाताच्या कष्टावर चालते. परिसरातील रुग्णांना सेवाग्राम आणि सावंगी मेघे येथील दोन मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जवळ आहेत, हे या भागाचे भाग्यच म्हणावयाचे.

हंगामाच्या दिवसांत मळणी यंत्राच्या पट्ट्यात सापडलेला हात, ट्रॅक्टर उलटून चिरडलेली मांडी, दुचाकीच्या अपघातात फाटलेली पोटरी किंवा घोणशीच्या दंशाने सडलेले मांस घेऊन आलेले रुग्ण ग्रामीण भागातील रुग्णालयांना नवे नाहीत. शल्यचिकित्सक प्राण वाचवितात, हाड सांधतात, उघड्या जखमेवर त्वचारोपण करतात. जखम भरून येते. परंतु स्नायूचा जो मोठा लचका गेला, तो परत येत नाही. हात हातासारखा दिसतो, पण विळ्याची मूठ आवळण्याची ताकद त्यात उरत नाही.

अलीकडे ‘यंत्रावर मानवी अवयव छापले जाऊ लागले’ अशा वार्ता वृत्तपत्रांतून येतात. त्या वाचून अशा रुग्णांच्या मनात साहजिकच आशा निर्माण होते. आपला गेलेला स्नायू छापून मिळेल काय, मिळाल्यास त्याचा खर्च किती, आणि तो आपल्यासारख्याला परवडेल काय, हे त्यांचे प्रश्न असतात. गावात हे प्रश्न बहुधा प्रथम शिक्षकांना, ग्रामपंचायतीच्या सदस्यांना किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांनाच विचारले जातात. त्यांना नेमके उत्तर देता यावे, यासाठी या विषयाची ओळख येथे करून दिली आहे.

स्नायूची स्वतःची डागडुजी

प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग हाडांना जोडलेल्या स्नायूंचा असतो. स्नायू हा लांबट तंतूंचा जुडगा होय. सुताचे पेळू एका दिशेने ओढून दोर वळावा, तसे हे तंतू एकमेकांना समांतर असतात. ते सारे एकाच दिशेने आखडतात, म्हणूनच ओढ निर्माण होते.

स्नायूला स्वतःची दुरुस्ती करण्याची मोठी शक्ती निसर्गाने दिली आहे. तंतूच्या बाहेरील अंगाला चिकटून काही छोट्या पेशी सुप्तावस्थेत पडून असतात. १९६१ साली अलेक्झांडर मौरो या शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने त्यांचे वर्णन केले आणि त्यांना ‘उपग्रह पेशी’ असे नाव दिले. स्नायूला इजा होताच या पेशी जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते, त्या एकमेकींत मिसळतात आणि नवा तंतू तयार होतो. मुरगळलेला पाय किंवा व्यायामाने दुखावलेला दंड काही दिवसांत पूर्ववत होतो, तो यांच्याच कृपेने.

या शक्तीलाही मर्यादा आहे. एखाद्या स्नायूचा साधारणपणे पाचव्या हिश्श्याहून अधिक भाग समूळ नाहीसा झाला, तर उपग्रह पेशींना आधार देणारी चौकटच नष्ट होते. घराचे एखादे कौल फुटले तर बदलता येते. आढे आणि वासेच कोसळले तर कौले ठेवणार कशावर? मग त्या पोकळीत स्नायूऐवजी वण तयार होतो. वण जखम बुजवितो, पण तो आखडत नाही. गेलेली ताकद गेलीच.

अशा रुग्णासाठी आजही उपचार आहेत. मांडीच्या आतील बाजूचा एक लांब स्नायू त्याच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतूसह काढून हातात बसविता येतो. एखाद्या शाबूत स्नायूची शीर वळवून तिला दुसऱ्या स्नायूचे काम देता येते. ही शस्त्रक्रिया नाजूक असते, तिला कुशल हात लागतात आणि एका जागची भरपाई करण्यासाठी दुसऱ्या जागेचा स्नायू खर्ची पडतो. ही किंमत टाळावी, या हेतूने प्रयोगशाळेत स्नायू तयार करण्याचे प्रयत्न सुरू झाले.

मुद्रण म्हणजे नेमके काय?

छापखान्यात कागदावर शाई उमटते. जैवमुद्रणात शाईच्या जागी जिवंत पेशी मिसळलेला मऊ लगदा असतो; त्याला ‘जैवशाई’ म्हणतात. यंत्रातील पिचकारी संगणकाच्या आज्ञेनुसार हा लगदा बारीक धारेने सोडते आणि थरावर थर रचून हवा तो आकार उभा करते. पात्रातून चकली पाडावी, तशीच ही क्रिया. फरक इतकाच की येथे धार केसाइतकी बारीक असते आणि आतील पेशी जिवंत राहाव्या लागतात. दाब अधिक झाला तर पेशी चेंगरतात, लगदा फार पातळ झाला तर आकार ढासळतो.

लगद्यासाठी वापरली जाणारी द्रव्ये आपल्या ओळखीची आहेत. जनावरांच्या कातडी व हाडांपासून मिळणारे जिलेटिन, शरीरातील कोलॅजेन हे प्रथिन, रक्त गोठताना तयार होणारे फायब्रिन आणि तपकिरी समुद्रशैवालापासून मिळणारे अल्जिनेट ही त्यांतील प्रमुख होत. स्नायूच्या बाबतीत लगदा समांतर रेघांत सोडतात आणि दोन्ही टोके बांधून ताण देतात. या ताणाच्या दिशेने पेशी रांगेत लागतात, एकमेकींत मिसळतात आणि तंतूचे रूप घेऊ लागतात.

विज्ञान शिक्षकांना यातील एक पायरी वर्गात सहज दाखविता येईल. खाद्य दर्जाचे सोडियम अल्जिनेट दोन ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजवावे. दुसऱ्या भांड्यात तितक्याच पाण्यात चार-पाच ग्रॅम कॅल्शियम लॅक्टेट विरघळवावे. सुई काढलेल्या पिचकारीतून पहिला द्राव दुसऱ्यात हळूहळू सोडला, की पाहता पाहता मऊ धागा तयार होतो. कॅल्शियममुळे अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींना जखडल्या जातात आणि द्रवाचे जेल बनते. जैवमुद्रणातील कित्येक प्रयोग याच साध्या तत्त्वावर उभे आहेत.

आजवरची वाटचाल

२००३ च्या सुमारास अमेरिकेतील टॉमस बोलंड या शास्त्रज्ञाने कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या शाईच्या छपाई यंत्रात फेरफार करून जिवंत पेशी छापून दाखविल्या. पुढे अनेक देशांत या शास्त्राने वेग घेतला. २०१८ साली अमेरिकेतील वेक फॉरेस्ट संस्थेच्या संशोधकांनी मानवी स्नायूपेशींपासून छापलेला तुकडा उंदराच्या पायातील स्नायूच्या मोठ्या जखमेत बसविला. आठ आठवड्यांनंतर त्या स्नायूची सुमारे ८२ टक्के ताकद परत आल्याचे त्यांना आढळले. २०२० मध्ये याच संस्थेने स्नायूपेशींसोबत मज्जापेशीही छापल्या, तेव्हा सुधारणा अधिक लवकर झाली.

हे यश मोठे आहे, परंतु ते उंदराच्या पायातले आहे, याचा विसर पडू नये. छापलेला सांगाड्याचा स्नायू माणसात बसविण्याच्या नित्य उपचाराला अद्याप कोठेही मान्यता मिळालेली नाही. २०२२ साली अमेरिकेत एका तरुणीला तिच्याच कूर्चापेशींपासून छापलेला बाह्यकर्ण बसविण्यात आला. त्याच वर्षी हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने अन्य दोन संस्थांच्या सहकार्याने छापलेले नेत्रपटल सशाच्या डोळ्यात बसविल्याचे जाहीर केले. कान आणि नेत्रपटल यांची निवड आधी झाली, यास कारण आहे. कूर्चा आणि नेत्रपटल यांत रक्तवाहिन्या नसतात. स्नायूचे तसे नाही. तो रक्ताचा भुकेला आहे.

शरीरातील पेशी जवळच्या केशवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरहून दूर असेल, तर तिला प्राणवायू पुरेसा मिळत नाही. त्यामुळे उंदरासाठी पातळ तुकडा चालतो. माणसाच्या मांडीसाठी अंगठ्याएवढा जाड तुकडा छापला तर मधला भाग रक्त पोहोचण्यापूर्वीच मरून जातो. तुकड्याच्या आत सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे आधीच कसे तयार ठेवावे, हा या संशोधनातील सर्वांत कठीण प्रश्न आहे.

काय स्वस्त झाले आणि काय नाही

जैवमुद्रणाच्या स्वस्ताईविषयी बोलताना बहुधा यंत्राच्या किमतीची चर्चा होते. या बाबतीत खरोखरच प्रगती झाली आहे. तयार जैवमुद्रण यंत्रे लाखो रुपयांची असतात. परंतु २०१५ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गटाने प्लास्टिकच्या वस्तू बनविणाऱ्या साध्या टेबलावरील यंत्राला पिचकारी जोडून कोलॅजेनसारखे अतिशय मऊ द्रव्य छापून दाखविले. लगदा ढासळू नये म्हणून त्यांनी तो जिलेटिनच्या कणांनी भरलेल्या भांड्यात छापला. छपाई पूर्ण झाल्यावर भांडे शरीराच्या उष्णतेइतके गरम केले, की जिलेटिन वितळून जाते आणि आकार शिल्लक राहतो. पिचकारीचे आराखडेही पुढे सर्वांसाठी खुले करण्यात आले. आज एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थीही असे यंत्र जुळवू शकतो.

लगद्याची द्रव्येही आपल्या देशात मिळू शकतील. अल्जिनेट देणारे शैवाल आपल्या किनाऱ्यांवर वाढते. विदर्भाच्या पूर्वेकडील भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर पोसल्या जाणाऱ्या टसर किड्याच्या रेशमात एक वैशिष्ट्य आढळले आहे. त्याच्या प्रथिनात पेशींना चिकटून बसण्यास मदत करणारी विशिष्ट साखळी निसर्गतःच असते. तुतीच्या रेशमात ती नसते. म्हणून ऊतिनिर्मितीच्या संशोधनात भारतीय शास्त्रज्ञांनी टसरकडे लक्ष दिले आहे. अर्थात कोशापासून वैद्यकीय दर्जाच्या द्रव्यापर्यंतचा शुद्धीकरणाचा प्रवास लांब आहे.

खरा खर्च पेशींचा आहे. एका घनसेंटीमीटर जैवशाईत सुमारे तीन कोटी पेशी लागतात असे धरले, तर १०० घनसेंटीमीटरच्या तुकड्याला ३०० कोटी पेशी लागतील. रुग्णाच्या स्नायूतून घेतलेल्या चिमूटभर नमुन्यातून त्या वाढवावयाच्या असतात. त्यासाठी पोषक द्राव, वाढीस चालना देणारी महागडी प्रथिने, गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक खोल्या, प्रशिक्षित माणसे आणि कित्येक आठवड्यांचा काळ लागतो. जंतुसंसर्ग झालेला नाही, पेशी बिघडलेल्या नाहीत, याच्या चाचण्या प्रत्येक रुग्णासाठी वेगळ्या कराव्या लागतात. यंत्र फुकट मिळाले, तरी हा खर्च तसाच राहतो. लग्नाच्या जेवणावळीत शेगडीच्या किमतीने एकूण खर्च ठरत नाही, तसेच हे आहे.

वर्ध्याचा धडा

हा खर्च कमी कसा होणार, याचा विचार करताना वर्धा जिल्ह्याचाच एक जुना अनुभव मार्गदर्शक ठरतो. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कार्य उभारले. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजी परचुरे शास्त्री या कुष्ठपीडित विद्वानाची स्वतःच्या हाताने शुश्रूषा करीत. पुढे गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानने वर्धा हे केंद्र मानून घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री पद्धत रुजविली. १९८० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत बहुविध औषधोपचार देशातील ज्या जिल्ह्यांत प्रथम हाती घेण्यात आला, त्यांत वर्ध्याचा समावेश होता.

कुष्ठरोगात बोटे वाकडी होतात, ती मज्जातंतू निकामी झाल्यामुळे. आज्ञा पोहोचली नाही की निरोगी स्नायूही लुळा पडतो आणि हळूहळू वाळतो. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून स्नायूंच्या शिरा वळवून असे हात पुन्हा कामाचे केले. त्या कार्यातून मिळालेले ज्ञान जैवमुद्रणालाही लागू पडते. स्नायू कितीही सुबक छापला, तरी त्याला मज्जातंतू जोडला गेला नाही तर तो निष्प्राण मांसाचा गोळाच राहील.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. कुष्ठरोगावरील औषधे केवळ शोध लागल्याने खेड्यापर्यंत गेली नाहीत. पाहणी करणारे कार्यकर्ते, औषधांचा विनामूल्य पुरवठा आणि उपचार पूर्ण होईपर्यंतचा पाठपुरावा अशी यंत्रणा उभी राहिली, तेव्हाच ती रुग्णाच्या हातात पडली. नवा उपचार सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याचे काम निम्मे शास्त्रज्ञाचे आणि निम्मे संघटनेचे असते.

ऊतींच्या बाबतीतही अशी उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी कार्यरत आहे. दान मिळालेले गर्भवेष्टन, हाडे इत्यादी ऊती स्वच्छ करून गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्या जातात आणि इतर रुग्णालयांना पुरविल्या जातात. मुंबईतीलच शीव येथील महापालिका रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. प्रत्येक रुग्णालयाने स्वतःची यंत्रणा उभारण्यापेक्षा एका केंद्राने अनेकांची गरज भागवावी, हे यामागील तत्त्व आहे. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरातील प्रयोगशाळांना पेशींचे वाण याच तत्त्वावर पुरविते. उद्या स्नायूंचे मुद्रण मान्यताप्राप्त झाले, तर त्याचाही मार्ग असाच असावा लागेल : पेशी वाढविण्याची महागडी सोय एखाद्या सामायिक केंद्रात आणि शस्त्रक्रिया व व्यायामोपचार रुग्णाच्या जवळच्या रुग्णालयात.

आशेचा बाजार

विज्ञानाची वार्ता आधी पोहोचते आणि उपचार मागाहून येतो. मधल्या काळात काही मंडळी ‘मूलपेशींच्या इंजेक्शनाने स्नायू नव्याने वाढवितो’ असे सांगून लाखो रुपये घेतात. शेत गहाण टाकून अशा उपचाराच्या मागे लागणाऱ्या कुटुंबाला वेळीच सावध करणे, हे गावातील जाणत्या माणसांचे कर्तव्य होय.

यासंबंधीचे नियम स्पष्ट आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसाठी केले जाणारे रक्तमूलपेशींचे रोपण यांसारखे मान्य उपचार वगळता मूलपेशींचा रुग्णावरील वापर हे संशोधनच समजले जाते आणि ते रीतसर परवानगीनेच करावयाचे असते. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनुसार मूलपेशींपासून बनविलेले उत्पादन ‘नवीन औषध’ ठरते. चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करणे बंधनकारक असून ती कोणालाही पाहता येते. कोणी असा उपचार देऊ केला, तर तीन प्रश्न विचारावेत : चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? नैतिकता समितीची मान्यता आहे काय? प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून का घेता? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञाचा सल्ला घेतल्यावाचून एक पैसाही देऊ नये.

स्नायूक्षयाच्या आनुवंशिक विकाराने ग्रस्त बालकांच्या पालकांना तर विशेष जपावे लागते. ड्युशेन प्रकारच्या या विकारात शरीरातील सर्वच स्नायू क्रमाने दुबळे होतात. एखादा तुकडा छापून बसविल्याने तो बरा होणार नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्नायूक्षयाचा समावेश आहे. शाळेत वारंवार पडणारा, जिना चढताना मांडीला हाताचा आधार देणारा मुलगा आढळल्यास शिक्षकांनी त्याला आळशी न ठरविता तपासणीसाठी पाठवावे आणि पुढे दिव्यांग प्रमाणपत्र मिळविण्यास कुटुंबाला साह्य करावे.

गावाच्या हाती असलेले

जो स्नायू वाचला, तो छापावा लागत नाही. आजच्या घडीला सर्वांत स्वस्त स्नायू तोच होय. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक ग्रामपंचायतीने हंगामापूर्वी ग्रामसभेत सांगण्यासारख्या आहेत.

मळणी यंत्राच्या पट्ट्यांवर व तोंडावर संरक्षक आवरण असल्याशिवाय ते सुरू करू नये. सैल बाह्या, ओढणी, पदर यंत्राजवळ आवरून घ्यावा. अपघात झाल्यास जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून रक्तस्राव थांबवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हात किंवा बोट तुटले असल्यास तो भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा व ती पिशवी बर्फात ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फावर ठेवू नये. रक्तपुरवठा तुटलेला स्नायू नेहमीच्या तापमानात सुमारे सहा तासांपलीकडे तग धरीत नाही, म्हणून प्रत्येक घटका मोलाची आहे. सर्पदंशात अंग आवळून बांधू नये व चिरा देऊ नयेत. त्यामुळे मांस अधिक सडते. बधिर चट्टा दिसताच कुष्ठरोगाची तपासणी करावी. शस्त्रक्रियेनंतर सांगितलेला व्यायाम महिनोन्‌महिने नेटाने करावा, कारण न वापरलेला स्नायू वाळतो.

जैवमुद्रणाचे शास्त्र पुढे जातच राहील. रक्तवाहिन्यांचा आणि मज्जातंतूंचा प्रश्न सुटेल, तेव्हा ते उंदराच्या पायातून माणसाच्या हातात येईल. त्या दिवशी बोरगाव मेघेच्या परिसरातील शेतमजुराला त्याचा लाभ मिळावयाचा असेल, तर सामायिक पेशीकेंद्रे, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि जागरूक समाज यांची तयारी आधीपासून असावयास हवी. तोवर चिरडलेल्या हाताला सहा तासांच्या आत योग्य रुग्णालयात पोहोचविणे आणि खोट्या आशेपायी कोणाचे शेत गहाण पडू न देणे, ही दोन कामे तरी आपल्या हातची आहेत.